बॅच पुन्हा लांबली आणि इंजिन पुन्हा घसरलं

दुखणं असं. मॉडेल रेल्वेच्या चाळीस इंजिनांची बॅच गणपतीआधी द्यायचं कबूल केलेलं असतं. गणपती जातात, नवरात्र जातं, दिवाळीचा फराळ संपतो. मग एकदाची बॅच पोचते आणि आठवड्याभरात फोन सुरू होतात. "अहो, तुमचं इंजिन सरळ रुळांवर झकास पळतं, पण सांध्यावर गेलं की आडवं." (सांधा म्हणजे जिथे एका मार्गाला दुसरा मार्ग फुटतो ती जागा.) समोरचा माणूस पेठेतला असेल तर शेवटी एक वाक्य हमखास येतं, "घाई केलीत वाटतं?" तीन महिने उशिरा माल देणाऱ्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे जखमेवर मीठच. पण तो प्रश्न बरोबर असतो. आम्ही खरंच घाई केलेली असते.

आम्ही तिघं कोथरूडमधल्या एका गॅरेजमध्ये एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली भारतीय इंजिनं थोड्या संख्येनं बनवतो. मी हिशेब, फोन आणि टेस्टिंग बघतो. मित्र कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. तिसरे आमचे काका, ज्यांनी पिंपरीतल्या टूलरूममध्ये उभी हयात काढली आणि जे अजूनही शर्टाच्या खिशात व्हर्निअर घालून फिरतात. मला आणि मित्राला हे वेड कोथरूडमध्येच १९९८ साली सुरू झालेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लागलं. काकांना ते त्याच्या कितीतरी आधी, घोरपडीच्या डिझेल शेडच्या कुंपणाबाहेर.

चार बॅचेस झाल्या. पहिल्या तीन उशिरा गेल्या, आणि तिन्ही वेळा काही इंजिनं परत आली. बरेच दिवस आम्ही उशिराचं खापर बाहेरून सुटे भाग करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यांवर फोडत होतो आणि घसरण्याचं चाकांवर. तिसऱ्या बॅचनंतर कळलं की दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी होतं. ते कसं सापडलं ते सांगतो, पण आधी ज्याच्या हातात घसरणारं इंजिन आहे त्याच्यासाठी.

इंजिन हातात असेल तर

सगळ्यात आधी बॉडीचे चारही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल करा. काढू नका, फक्त सैल करा. आता त्याच सांध्यावरून, त्याच दिशेनं, त्याच वेगानं इंजिन न्या. घसरणं थांबलं तर चाकांना हात लावू नका. बॉडी पिळलेली आहे आणि स्क्रू आवळले की ती चासीलाही, म्हणजे खालच्या सांगाड्यालाही, आपल्याबरोबर पिळते. जेवणाचा पाट डुगडुगतो तसं एक चाक अधांतरी राहतं. या मापाच्या नेहमीच्या, आरपी-२५ नावाच्या प्रकारातल्या चाकाच्या कडेची खोली जेमतेम ०.६ मि.मी. असते. त्यातला अर्धा भाग असा वर गेला तर सांध्यात चाकाला वाट दाखवायला उरतं काय?

खात्री करायची असेल तर इंजिन जाड काचेवर उभं करा आणि झेरॉक्सच्या कागदाची बारीक पट्टी एकेका चाकाखाली सरकवा. त्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते. ज्या चाकाखालून पट्टी न अडता निघून येते ते चाक वर आहे. ही काकांची युक्ती. महागडी यंत्रं येण्याआधी टूलरूममध्ये असंच बघायचे म्हणतात.

स्क्रू सैल करूनही घसरत असेल तर मग चाकांकडे वळा. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओ मापाला ते १४.४ मि.मी.च्या आसपास हवं. कमी असेल तर सांध्यातले आतले रूळ चाकांना चिमटीत धरतात, आणि चाक उचललं जातं. जास्त असेल तर चाकं रुळांमध्ये घट्ट बसतात आणि तीव्र वळणावर कडा रुळावर चढते. त्यामुळे इंजिन फक्त सांध्यावर अडखळतं की नुसत्या वळणावरही चढतं, एवढं बघितलं तरी मापाची चूक कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज येतो.

डावीकडे वळताना ठीक आणि उजवीकडे वळताना घसरतं, असं असेल तर बहुतेक वेळा बोगीपासून वर जाणारी वायर आखूड किंवा ताठ असते आणि ती बोगीला पुरतं वळू देत नाही. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे. आपण मराठीत अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, आणि फोनवर त्यावरून तासन्‌तास घोळ होतात. इथे बोगी म्हणजे चाकांचा खालचा गाडा.)

आणि टक् टक् आवाजाचं. आमच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची चाकं साडेबारा मि.मी. व्यासाची आहेत, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन जवळजवळ चार सेंटिमीटर पुढे जातं. रुळांशेजारी पट्टी ठेवा. दर चार सेंटिमीटरला एक टक् येत असेल तर दोष आसावरच्या गिअरमध्ये आहे, बहुधा त्याला चीर गेली आहे. आवाज त्याहून बराच जलद येत असेल तर वरच्या बाजूला, मोटर आणि तिच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या वर्म गिअरकडे बघा. या एका पट्टीनं आमचे कितीतरी तास वाचवले आहेत.

तिसरी बॅच

आता बनवणाऱ्यांसाठी.

डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ साली अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आलं आणि १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. २६०० अश्वशक्ती, बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर लांबी. आपल्या मापात ती साडेएकोणीस सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. लांब, अरुंद, पातळ भिंतींची बॉडी. आम्ही मूळ नमुना थ्रीडी प्रिंट करतो, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा बनवतो आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततो. इंजेक्शन मोल्डिंगचा पोलादी साचा चाळीस नगांसाठी कुणालाच परवडत नाही.

तिसऱ्या बॅचला चाकं तीन आठवडे उशिरा आली. ते तीन आठवडे भरून काढायला आम्ही काय केलं? साच्यातून बॉडी तासाभरानं काढत होतो, ती पंचवीस मिनिटांत काढायला लागलो. रेझिन हाताला कडक लागत होतं. काढलेल्या बॉड्या फळीवर भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या, कारण टेबलावर जागा नव्हती. कडक दिसणारं रेझिन आत अजून घट्ट व्हायचं असतं, आणि त्या काळात त्याला ज्या आकारात ठेवाल तो आकार ते धरतं. आमच्या बॉड्यांनी भिंतीला टेकल्याचा आकार धरला. तो डोळ्यांना दिसत नव्हता.

चासी आम्ही एकेक करून टेस्ट केल्या होत्या, दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास, सगळ्या पास. बॉड्या रंगायला गेल्या, रंगून आल्या, अक्षरं छापून आली. जोडणी सुरू झाली. स्क्रू आवळले की बॉडी चासीवर नीट बसत होती, कुठे फट नाही. एकतीस इंजिनं जोडून झाल्यावर मी एक सहज सांध्यावरून सोडलं आणि ते गेलं आडवं. दुसरं सोडलं, तेही. आम्ही दोन रात्री चाकांची अंतरं मोजत बसलो. सगळी बरोबर. काका गावाला गेले होते. ते आले, त्यांनी एक स्क्रू सैल केला आणि म्हणाले, "चाकं मोजताय कशाला? तुमची पेटीच वाकडी आहे."

पुढचा महिना बॉड्या गरम पाण्यात मऊ करून लाकडी ठोकळ्यावर सरळ करण्यात गेला. रंगवलेल्या बॉड्यांचा रंग गेला तो गेलाच. म्हणजे चाकांच्या उशिराचे तीन आठवडे वाचवायला गेलो आणि वर चार आठवडे घालवले. त्यातही काही वाकड्या बॉड्या आमच्या नजरेतून सुटल्या, तेच ते फोन.

त्या बॅचच्या तारखांचा तक्ता नंतर भिंतीवर लावला तेव्हा दिसलं की चाकांच्या उशिरामुळे बॅच जितकी लांबली त्यापेक्षा जास्त ती दुरुस्तीमुळे लांबली होती. पहिल्या दोन बॅचेसच्या वह्या काढून बघितल्या. तिथेही तेच. दोष दुसऱ्या आठवड्यात जन्माला आला होता आणि आम्हाला तो बाराव्या आठवड्यात भेटला. मधल्या दहा आठवड्यांत त्या दोषावर आम्ही रंग, छपाई आणि मजुरी चढवत बसलो होतो.

शेवटी तपासून का भागत नाही

मित्राचा आग्रह होता की शेवटी नमुने तपासू. कारखान्यांत तेच करतात. चाळीसच्या लॉटला नेहमीच्या पातळीवर आठ नग काढायचे, असं तपासणीच्या तक्त्यात असतं. मी कागदावर हिशेब केला. समजा चाळीसमध्ये चार खराब आहेत, आणि आठ नग चिठ्ठ्या टाकून काढले. त्या आठांत एकही खराब न निघण्याची शक्यता ३९ टक्के येते. दहातलं एक इंजिन खराब असताना दर पाच बॅचेसमधल्या दोन वेळा तपासणी सांगणार, सगळं उत्तम आहे. हजारो नगांच्या लॉटसाठी केलेली पद्धत चाळीसाला लावली की असं होतं. आमच्यासारख्यांनी प्रत्येक नग तपासायचा, पण तयार झाल्यावर नव्हे, प्रत्येक टप्प्यावर.

दुसरा हिशेब याहून बोचरा आहे. बॉडी, चासी, रंग, छपाई, जोडणी असे पाच टप्पे धरा. प्रत्येक टप्पा शंभरातले ९५ नग बरोबर देतो. कुठल्याही जॉबवर्कवाल्याला पंचाण्णव टक्के म्हटलं की तो छाती फुगवतो. पाचही टप्प्यांतून निर्दोष बाहेर पडणारे नग मात्र ७७ टक्के, म्हणजे चाळीसात एकतीस. उरलेले नऊ तुमची दिवाळी खातात. उशिराचंही गणित असंच चालतं. पाच जणांकडून माल यायचा आणि प्रत्येक जण दहातून नऊ वेळा वेळेवर देतो, तर पाचही वेळेवर येण्याची शक्यता ५९ टक्के. मी आता बायकोला लग्नाची तारीख सोडून दुसरी कुठलीही तारीख छातीठोकपणे सांगत नाही.

चौथ्या बॅचपासून आम्ही केलेला बदल एकच, पण मुळापासूनचा. आधी फक्त पाच इंजिनं पूर्ण करायची. पूर्ण म्हणजे रंग, छपाई, जोडणी, खोक्यात भरणं, ते खोकं कमरेएवढ्या उंचीवरून टाकून बघणं, सगळं. बाकी पस्तीसचं काम तोवर सुरूच करायचं नाही. ही पाच इंजिनं आमच्या टेस्ट ट्रॅकवर चालतात. त्यात १८ इंची त्रिज्येचं वळण आहे, लगेच उलटं वळण आहे, आणि मुद्दाम थोडा खराब बसवलेला एक सांधा आहे. पाच पास झाली की मगच गिऱ्हाइकांना तारीख सांगायची. आधी कुणी विचारलं तर "ठरलं की कळवतो" एवढंच. यावर एक गृहस्थ चांगलेच चिडले होते. पण त्यांचं इंजिन परत आलं नाही.

शिवाय बॉडी आता साच्यातून निघाली की लाकडी ठोकळ्यावर चढते आणि चोवीस तास तिथेच राहते. ठोकळे बारा आहेत, म्हणजे दिवसाला बाराच बॉड्या. कितीही उशीर झाला तरी तेराव्या ठोकळ्याची जागाच नाही. प्रत्येक बॉडी रंगाला जाण्याआधी चासीवर बसवून कागदाच्या पट्टीनं तपासायची. हे काम कंटाळवाणं आहे, आणि मी ते करताना रेडिओ लावतो.

बोगीचा उलटा बसण्याचा छंद

डब्ल्यूडीएम-२च्या बोगीत तीन आस असतात आणि मधला आस बरोबर मध्यावर नसतो. नवशिक्या डोळ्याला ते दिसत नाही. जोडणीला बसलेल्या मुलाला तर नाहीच. दुसऱ्या बॅचमध्ये सात इंजिनांवर बाजूची फ्रेम उलटी बसली. ती चिकटवलेली होती. रेल्वेचा कुणी शौकीन असेल तर त्याला ती चूक खोकं उघडताक्षणी टोचते, आणि शौकीन सोडून ही इंजिनं घेतं कोण?

मुलाला चार वेळा समजावून सांगितलं, भिंतीवर चित्र लावलं, तरी पुढच्या खेपेला एक सुटलंच. काकांनी फ्रेमची एक खुंटी मिलिमीटरभर बाजूला सरकवायला लावली. आता फ्रेम उलटी बसतच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये कुठल्याही गाडीच्या कारखान्यात याला पोका-योके म्हणतात. डिझाइनमध्ये बदल दहा मिनिटांचा होता. चित्र काढायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता.

याच जागी भारतीय मॉडेलांची एक खास डोकेदुखी आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी. रुंद. १:८७ मध्ये तो १९.३ मि.मी. व्हायला हवा. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मि.मी.चा, जगातल्या प्रमाणित गेजसाठी केलेला. म्हणजे आपली चाकं प्रत्येक बाजूला सुमारे १.४ मि.मी. आत सरकलेली असतात. बोगीची फ्रेम मात्र खऱ्या रुंदीवर हवी, नाहीतर इंजिन समोरून केविलवाणं दिसतं. मग फ्रेम आणि चाकामध्ये जी फट राहते ती भरायला प्रत्येक जण काहीतरी शक्कल लढवतो आणि तिथे पट्ट्या, वॉशर, चिकटवलेले तुकडे येतात. यातला एखादा जरा आत आला की चाकाला घासतो. इंजिन वळणावर मंद पडत असेल आणि सरळ मार्गावर सुटत असेल तर आधी ही फट बघा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात रेझिन ओतणं म्हणजे हवामान खात्याशी पैज. पॉलियुरेथेनमधला एक घटक पाण्याशी लगेच रासायनिक क्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेतला ओलावाही पुरतो. उघड्या राहिलेल्या डब्यातलं रेझिन ओतलं की बॉडीत बारीक बुडबुडे येतात, कधी तर ती पावासारखी फुगते. आम्ही वर्षभर हे मिसळण्यातली चूक समजत होतो. डबा आता उघडला की त्याच दिवशी संपवायचा किंवा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद ठेवायचा. लाकडी ढवळणी पावसाळ्यात बंद, कारण लाकूड ओलावा धरून असतं. प्लास्टिकची वापरतो.

रंगाचं तसंच. लॅकर फवारला की थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. वाळल्यावर गडद रंगावर पांढरट झाक येते. रंगारी म्हणतो रंगच तसा आहे. नाही, रंग चांगला आहे, दिवस वाईट आहे. सावकाश उडणारं थिनर वापरा आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावून तो रोज रिकामा करा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतं. काटा फार वर असेल त्या दिवशी फवारणी करू नका, दुसरं काम करा. गेल्या जुलैत एक अख्खा आठवडा आम्ही फक्त खोकी चिकटवली. तो आठवडा तारखांच्या तक्त्यात आता आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो उशीर म्हणून मोजला जात नाही.

रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटून गोल गोल खड्डे पडत असतील तर मात्र पावसाला दोष देऊ नका. बॉडी सहज सुटावी म्हणून साच्याला लावलेलं रिलीज बॉडीवर राहिलंय. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश.

बाहेरची कामं

चाकं लेथवर होतात, चासी मिलिंगवर, छपाई तिसरीकडे. भोसरीतल्या लोकांना मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांची हजारोंची ऑर्डर असते, त्यात आमचे दोनशे चाळीस आस म्हणजे चहासोबतचं बिस्कीट. मशिन रिकामं असेल तेव्हा ते लावतात. यात त्यांचं चुकतं असं मला आता वाटत नाही. पूर्वी मी भाव घासायचो. आता मशिन सेट करायचे पैसे वेगळे देतो आणि ते आधी देतो. फरक पडला.

याहून मोठा फरक माप तपासायच्या गेजनं पडला. पहिल्या बॅचला आम्ही ड्रॉइंग पाठवलं, त्यावर माप होतं पण किती कमी-जास्त चालेल ते लिहिलं नव्हतं. माल आला तो आमच्या मते चुकीचा, त्यांच्या मते बरोबर, आणि दोघांकडेही कागद. दोन आठवडे फोनवरच गेले. आता काकांनी पोलादाचा एक तुकडा घासून दिलाय, एक टोक चाकांच्या मध्ये जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. तो तुकडा आम्ही ऑर्डरबरोबर पाठवतो. लेथवरचा माणूस ड्रॉइंग वाचो न वाचो, तुकडा लावून बघतोच. आणि पहिला नग गॅरेजवर आल्याशिवाय पुढचे करायचे नाहीत. तो नग आम्ही सही करून, पिशवीत सील करून त्यांच्याकडेच ठेवतो. वाद झाला की पिशवी उघडायची. अजून उघडावी लागलेली नाही.

सुट्ट्यांचं कॅलेंडर लावा. भोसरीत गुरुवार सुट्टीचा. गणपतीत रंगारी कोकणात जातो आणि त्यानं सांगितलेल्या दिवशी परत येत नाही. छठपूजेला लेथवरची मुलं बिहारला जातात, दिवाळी आणि छठ मिळून तीन आठवडे धरा. परत येणारा मुलगा तोच असेल याची खात्री नाही, म्हणून त्यानंतरच्या पहिल्या मालाला नवीन माणसाचा माल समजून तपासा. आमची सगळ्यात वाईट चाकं नोव्हेंबरच्या शेवटची आहेत.

हीच कहाणी मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये चालते, त्यामुळे परदेशी ब्रँडचं इंजिन वर्षभर उशिरा आलं तर नवल करू नका. जगातली बहुतेक मॉडेल इंजिनं तिथल्या मोजक्या कारखान्यांत बनतात, अनेक ब्रँड एकाच दाराशी रांगेत असतात. २००८ साली केडर कंपनीनं सांडा कान हा मोठा कारखाना विकत घेतला, तेव्हा तिथे माल बनवून घेणाऱ्या कितीतरी ब्रँडची वेळापत्रकं पुढची काही वर्षं कोलमडली होती. चिनी नववर्षाला कामगार गावी जातात आणि बरेच जण परततच नाहीत. आमचा छठचा प्रश्न, फक्त शेकडो पटींनी.

बाहेरून मागवणं आपल्याला तसंही जड झालंय. आयात शुल्कात मॉडेल रेल्वे खेळण्यांच्याच गटात येते. त्या गटाचं शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. सत्तर वर्षांच्या शौकिनाला कस्टम्सचा माणूस खेळणं म्हणतो तेव्हा होणारा अपमान त्या टक्क्यांत धरलेला नाही.

उशिरा उगवणारे दोष

काही दोष कुठल्याही तपासणीत सापडत नाहीत, कारण ते त्या वेळी नसतातच.

प्लास्टिकचा गिअर आसावर दाबून बसवताना आस जरा जाड असेल तर गिअर ताणलेला राहतो. त्या दिवशी तो उत्तम चालतो. सहा महिन्यांनी, वर्षानं दात्याच्या मुळाशी चीर जाते. उपाय गिअरमध्ये शोधू नका, आसाचं माप धरा. आम्ही आता आस मायक्रोमीटरनं एकेक मोजतो. बाजारातलं कुठलंही तेल घालू नका, काही तेलं प्लास्टिकला तडे घालवतात. प्लास्टिकला चालतं असं लिहिलेलंच घ्या.

जस्ताचं ओतकाम त्याहून वाईट. मॉडेलांच्या चासीत वापरला जाणारा झमॅक हा जस्ताचा मिश्रधातू १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीनं आणला, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यात शिसं किंवा कथील अगदी किंचितही जास्त मिसळलं तर धातू आतून, कणांच्या सीमांवर गंजायला लागतो. वर्षानुवर्षं काही दिसत नाही. मग चासी फुगते, वाकते, तिला केसासारख्या चिरा जातात आणि शेवटी बिस्किटासारखी तुटते. जुन्या मॉडेलांच्या शौकिनांना हा रोग चांगला माहीत आहे, आणि त्यावर औषध नाही. ओतकाम करणारा भंगार वितळवून घालत असेल, किंवा त्याच कढईत आधी शिसं वितळवलं असेल, तर तुमची बॅच दहा वर्षांनी मरणार आणि तुम्हाला आज कळणार नाही. धातूचं प्रमाणपत्र मागा. चाळीस नगांसाठी कुणी ते देईना, म्हणून आम्ही ओतकाम सोडलं आणि पितळी चासी मिल करून घेतो. महाग पडते. वजनासाठी शिशाचे छर्रे घालणार असाल तर सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात बसवू नका, शिसं आणि तो गोंद मिळून हळूहळू फुगतात आणि बॉडी फाडतात. इपॉक्सी वापरा.

चौथी बॅच कबूल केलेल्या आठवड्यातच गेली, म्हणजे कबूल उशिरा केली म्हणून. चाळीसपैकी दोन परत आली. एकात वायर आखूड होती. दुसऱ्यात काहीच नव्हतं, गिऱ्हाइकाचा सांधा वाकडा होता. काकांनी स्वतः जाऊन तो सरळ करून दिला आणि वर चहा पिऊन आले.

पाचव्या बॅचच्या पहिल्या पाच इंजिनांची चाकं यायची आहेत. आत्ताच भोसरीहून फोन आला होता. "साहेब, गुरुवारी नक्की."

गुरुवारी त्यांची सुट्टी असते.